फाळक्यावरची साक्ष

“भायेर या पेंटर, न्हायतर गाडी तशीच अंगावरनं न्हेतो बघा! दोन अक्षरं लिवायला अर्धा तास? येवढ्यात माज्या बायकूनं दुसरं पोरगं काढलं आसतं.”

ओरडणारा ड्रायव्हर उमरग्याकडचा, अंगानं दरवाजाएवढा. त्याच्या आवाजानं नळदुर्गच्या किल्ल्यावरची सगळी पारवी उडाली, हे मी आजही शपथेवर सांगतो. किल्ला तिथून चांगला लांब आहे, पण शपथ माझी आहे. ट्रकखालून दोन पाय तेवढे बाहेर आलेले होते. एका पायात चप्पल होती, दुसरी सुटून चाकापाशी पडली होती. खालून आवाज आला तो इतका निवांत, की माणूस घरच्या खाटेवर पडून बोलतोय असं वाटावं.

“मागच्या डाव्या चाकाला ब्रेक ऑइल पाझरतंय. आन् तू झोपला कवा हुतास?”

झोपेचा आणि अक्षरांचा संबंध काय, असं ड्रायव्हरनं विचारलं. म्हणजे विचारलं याहून बरंच काही केलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. पेंटर सरपटत बाहेर आले, उठले, त्या दरवाजाएवढ्या माणसासमोर टाचा वर करून उभे राहिले आणि डॉक्टर बघतात तशी त्याची खालची पापणी बोटानं ओढून डोळा बघितला. मग म्हणाले, “हॉर्न लिवतो, प्लीज लिवतो. मधलं न्हाय जमायचं.”

आणि तसंच लिहिलं. ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या डाव्या अंगाला हॉर्न, उजव्या अंगाला प्लीज, आणि मधे वीतभर कोरी जागा. ड्रायव्हर शिव्या देत निघाला. जळकोट येईपर्यंत त्या ऐकू येत होत्या.

ही गोष्ट मी हजारदा सांगितली आहे. ढाब्यावर, लग्नात, एकदा तर मयताला जाऊन आल्यावर आंघोळीच्या रांगेत. लोक हसून हसून लोळतात. पण मी नेहमी इथंच थांबतो. पुढचं कुणाला तोंडानं सांगितलं नाही.

पेंटरचं पत्र्याचं शेड हायवेला लागून होतं आणि शेजारी माझा टेम्पो उभा असायचा. माझा टेम्पो लहान होता, तोंड मोठं होतं. भाडं नसलं की मी त्यांच्या बाकड्यावर बसून थापा मारायचो आणि ते ट्रकच्या मागं अक्षरं काढायचे. त्यांना नावानं कुणी हाक मारली नाही. घरात बायको ‘पेंटर आले का’ म्हणायची, आणि मतदानाच्या चिठ्ठीवरही तेच छापलं असेल असं मला वाटायचं. उजव्या हातानं ते ब्रशाखेरीज काही उचलत नसत. पाण्याची घागर डाव्या हातानं, पिशवी डाव्या हातानं. लग्नात आहेर दिला तोसुद्धा डाव्या हातानं, त्यावरून वरमाई रुसली होती. उजवा हात अक्षराचा, असं त्यांचं म्हणणं. खडूची दोरी फाळक्यावर ताणून टणकन सोडली की पांढरी रेघ उठायची, त्या रेघेवर ते अक्षरं बसवत. इंग्रजी ओ तर एका झटक्यात. ब्रश टेकवला की गोल फिरून पुन्हा जागेवर. भाकरी थापावी तसा गोल. मी पैज लावून एकदा त्याच्यावर स्टीलची ताटली ठेवून बघितली होती. तसूभर फरक नाही.

आता हे ‘हॉर्न ओके प्लीज’ आपण सगळे जन्मल्यापासून वाचतो. वाजव, हे कळतं. कृपा करून, हेही कळतं. मधला ओके तिथं काय करतो हे मात्र कुणी विचारत नाही. लग्नाच्या फोटोत मधोमध उभा असलेला अनोळखी माणूस असतो ना, दोन्हीकडच्यांना वाटतं तो त्यांचा आहे, तसं. पेंटरनी मात्र विचारलं. वीस वर्षं रोज लिहिल्यावर एक दिवस ब्रश हातात धरून थांबले आणि ड्रायव्हरला म्हणाले, ह्ये का लिवायचं?

झालं. तिथून पुढं येईल त्या ड्रायव्हरला हाच सवाल. आणि ड्रायव्हर लोक उत्तर ठाऊक नाही म्हणतील तर ते ड्रायव्हर कसले. एकजण म्हणाला, मोठ्या लढाईच्या टायमाला डिझेल मिळेना, गाड्या रॉकेलवर चालायच्या, कधी भडका उडेल नेम नाही, म्हणून ‘ऑन केरोसिन’, म्हणजे रॉकेलवर, याची पहिली इंग्रजी अक्षरं मागं लिहायचे, की बाबा लांब राहा. दुसरा म्हणाला, छे, रस्ते तेव्हा एकेरी होते, ओकेच्या डोक्यावर एक दिवा असायचा, पुढचा रस्ता मोकळा असला की ड्रायव्हर तो लावायचा आणि मग मागचा पुढं जायचा. तिसऱ्यानं सांगितलं की ती ओके नावाच्या एका साबणाची जाहिरात होती. हैदराबादच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं तर हात जोडले: “मतलब कायकू पूछते पेंटर साब, हमारे बावा के गाडी पे बी था, हमारे पे बी डाल दो.” पेंटर सगळं ऐकून घ्यायचे. एकही पटलं नाही.

शेवटी गावातल्या रिटायर हेडमास्तरांना गाठलं. ते आयुष्यभर इंग्रजी शिकवून दमले होते आणि त्यांना विचारायला येणारं आता कुणी उरलं नव्हतं. त्यांनी चहा पाजून सांगितलं की ट्रकवर ते कसं आलं ते देवालाच ठाऊक, पण मूळ शब्द अमेरिकेतला. तिथल्या पेपरवाल्यांना एके काळी थट्टा सुचली. ‘ऑल करेक्ट’, म्हणजे सगळं बरोबर, हे शब्द मुद्दाम अडाण्यासारखे ओ आणि के या अक्षरांपासून लिहायचे आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर तेवढं छापायचं. तसल्या थट्टा तेव्हा ढिगानं निघाल्या आणि ढिगानं मेल्या. ही एक वाचली, कारण पुढं निवडणुकीत एका उमेदवाराच्या टोपणनावाची अक्षरंही तीच निघाली आणि त्याच्या माणसांनी ती गावोगाव नेली. मग तारवाल्यांनी उचलली. तार नीट पोचली की पलीकडून तेवढंच कळवायचं. रेल्वेतही तेच.

हेडमास्तरांनी सहज सांगितलं. पण आमचे पेंटर शेडमध्ये परत आले ते कीर्तन ऐकून आल्यासारखे.

“थट्टेतनं निघालं बघ,” मला म्हणाले, “आन् साक्षीला जाऊन बसलं. तारबाबूनं पोचलं म्हणून कळीवलं की रेल्वे सुटायची. न बघता कळीवलं तर? दोन रेल्वे एकमेकीच्या पोटात. आन् म्या वीस वर्सं न बघताच साक्ष देतोय.”

त्या दिवसापासून गाडी तपासल्याशिवाय ओके नाही. झिजून गोटा झालेला टायर दिसला, मागचा दिवा गेलेला दिसला, स्प्रिंगचा पाटा तुटलेला दिसला, की मधली जागा कोरी. आणि हँडब्रेकची परीक्षा तर त्यांनी स्वतः शोधलेली. आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून चिरडतो. हे शेडमागच्या उतारावर गाडी उभी करायला लावायचे, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि मागच्या चाकाला टेकवून लिंबू ठेवायचे. विडी ओढून होईपर्यंत वाट बघायची. लिंबू शाबूत राहिलं तर ओके. ते लिंबू मग खिशात घालून घरी न्यायचे आणि वरणावर पिळायचे.

धंदा बसणार असं मी पैजेवर सांगितलं होतं. उलटं झालं. नळदुर्गपासून हैदराबादपर्यंत हमाल, व्यापारी, ढाब्यावरचे आचारी, सगळे आधी फाळका बघायला लागले. एका कोऱ्या जागेच्या ड्रायव्हरला बायकोनं घरात घेतलं नाही, असंही मी सांगत असतो. ते खोटं आहे. पण ओके मिळालेला माणूस पेढे वाटायचा, हे खरं.

घरात तर तो शब्द बोलायची सोय नव्हती. त्यांना एकुलती एक लेक. शाळेतून आल्यावर आईनं काही काम सांगितलं आणि ती ‘ओके’ म्हणाली, की आतून सवाल यायचा, “काय काय तपासलंस?” पोरगी वैतागायची. पुढं तिचं स्थळ आलं परंड्याचं. मध्यस्थानं फोनवर विचारलं, मग पाहुणे, आपल्याकडनं ओके समजायचं ना? पेंटर म्हणाले, येऊन बघतो. एसटीनं परंड्याला गेले आणि दोन दिवस त्या घरात मुक्काम ठोकला. पत्र्यावर चढले, बोअरचं पाणी चाखलं, नवऱ्यामुलाची पापणी ओढून बघितली. परत आल्यावर बायकोनं विचारलं तर म्हणाले, “पोरगा ब्येस हाय. पर त्या घरात थोरली सून बोलायच्या आधी सासऱ्याकडं बघती. हॉर्न प्लीज.”

बायको आठ दिवस बोलली नाही. वर्षाच्या आत ती थोरली सून माहेरी निघून गेल्याचं कळलं. लेक नर्सिंगला गेली, पुण्यात लागली. मला आवडायची ती पोर. मला काका म्हणायची आणि माझ्या थापा उघड्या पाडायची.

आता पुढचं.

त्या वर्षी तामलवाडीकडच्या द्राक्षांचा हंगाम जोरात होता. एका व्यापाऱ्याला बागेतून पॅकिंगच्या शेडपर्यंत क्रेट वाहायला टेम्पो पाहिजे होता, सगळ्या हंगामासाठी. त्याची एकच अट. फाळक्यावर पेंटरचा ओके पाहिजे. मी हसतच गेलो. बारा वर्षं बाकडं झिजवलं होतं, मला कोण नाही म्हणणार?

टेम्पो उतारावर लावला. पेंटरनी लिंबू ठेवलं, विडी पेटवली. ती अर्ध्यात यायच्या आत चाक सरकलं आणि लिंबू चेपलं. बारीकसा आवाज होतो त्याचा. पेंटरनी ते उचलून माझ्या हातात दिलं, बोटं ओली झाली माझी.

“धरत न्हाय हँडब्रेक. दोन तासाचं काम हाय. करून उद्या ये, लिंबू म्या आणतो.”

आणि हॉर्न प्लीज लिहून दिलं. कोरी जागा ठेवून. मला, त्यांच्या बाकड्यावरच्या माणसाला.

दोन तासांचं काम होतं. हे मी आजही स्वतःला ऐकवतो. पण व्यापारी त्याच दिवशी ये म्हणत होता आणि माझं नाक कापल्यासारखं झालं होतं. दुपारी पेंटर जेवायला घरी गेले आणि नेहमीसारखे पडले. शेडला कुलूप नसायचंच. मी त्यांचा ब्रश घेतला, त्यांचा पिवळा रंग घेतला, आणि बारा वर्षं बघत आलो होतो तसा ओ काढला. एका झटक्यात. मला वाटलं होतं बिघडेल. बिघडला असता तर बरं होतं. असा देखणा उतरला की मी दोन पावलं मागं जाऊन बघत राहिलो.

तीन आठवडे काही झालं नाही. मग एका सकाळी तामलवाडीच्या शेडसमोर चढावर टेम्पो उभा होता. मी हँडब्रेक ओढून चहा प्यायला उतरलो. एक तरणा हमाल मागं क्रेट उतरवत होता. टेम्पो सरकला तो फार नाही, दीड हात असेल. मागं भिंत होती. त्याच्या नडगीचं हाड मोडलं तो आवाज मी ऐकला. मला माहीत होता तो आवाज, लिंबाचा. फक्त मोठा.

त्याला सोलापूरला दवाखान्यात हलवलं. जीव वाचला, पाय आखूड राहिला. पण त्या दिवशी कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला, मोडलेले क्रेट, रक्त आणि वर फाळक्यावर पिवळाधमक ओके. फोटो हायवेवरनं माझ्या आधी नळदुर्गला पोचला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पेंटर आले. टेम्पो तिथंच होता. माझ्याभोवती व्यापारी, हमालाचा भाऊ आणि पंधरा-वीस माणसं, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून माझं काय होणार ते दिसत होतं. पेंटर सरळ फाळक्यापाशी गेले. त्या ओ-वरून बोट फिरवलं. खालून वर, पुन्हा खाली. मग माझ्याकडं वळून विचारलं, अगदी हळू, जणू त्यांनाच लाज वाटत होती:

“ह्ये म्या लिवलंय?”

मी म्हटलं, “व्हय की पेंटर. इसरलात का?”

“लिंबू ठिवलं हुतं का म्या?”

थापेला एक बारीक तपशील जोडला की ती खरी होते, ही माझी आयुष्यभराची विद्या. तिच्यावर मी ढाबेच्या ढाबे हसवले आहेत. त्या सकाळी ती विद्या न बोलावता जिभेवर आली.

“ठिवलं हुतं की. शाबूत राह्यलं. तुमीच खिशात घालून घरी न्हेलं न्हवं का?”

त्यांचा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडं गेला. रिकामा खिसा चाचपून परत आला. मग त्यांनी उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडं बघत राहिले. वय सत्तरीला टेकलं होतं. त्या वयात माणसाला कुणी ‘तुम्ही विसरलात’ असं खात्रीनं सांगितलं, तर तो आधी स्वतःवरच संशय घेतो.

लोक माझ्यापासून बाजूला झाले. मला कुणी हातसुद्धा लावला नाही. पेंटरनाही कुणी काही बोललं नाही. हमालाच्या भावानं त्यांना प्यायला पाणी दिलं, आणि ते त्यांनी उजव्या हातानं घेतलं. तिथून ते सोलापूरला गेले, त्या पोराच्या खाटेपाशी दिवसभर बसले, आणि येताना त्याच्या आईला म्हणाले की बघण्यात चूक माझी झाली. हे मला नंतर कळलं. मी हँडब्रेक दुरुस्त करत होतो. दोन तास लागले.

त्यानंतर पेंटरनी ओके लिहिला नाही. तेवढ्यावर थांबले असते तरी मी सोसलं असतं. पण ते काळ्या रंगाचा डबा घेऊन ढाब्यांवर बसायला लागले. स्वतःचा ओके असलेला ट्रक आला की ड्रायव्हरपुढं जाऊन उभे राहायचे, मालक, माझी साक्ष खोटी निघालीय, पुसून घेऊ का. माणसं गयावया करायची. एकजण म्हणाला, पेंटर, दहा वर्षांत एक ओरखडा नाही गाडीला, हे पुसू नका, आमचा देव आहे तो. हैदराबादचा म्हातारा तर फाळक्याला पाठ लावून उभा राहिला. पेंटर ऐकायचे नाहीत. एका बाजूनं काळं फासत यायचे, भाकरीएवढे ते ओ एकेक करून बुजवायचे. किती पुसले? इथं मी आकडा फुगवून सांगितला असता. पण मी मोजले नाहीत. मला मोजवले नाहीत.

एका सकाळी त्यांच्या हातातला डबा सांडायला आला होता. तो मी धरला. दिवसभर धरला. सात ट्रक झाले. मधे ते म्हणाले, “तुझं बरं हाय, तुला सगळं आठवतं.” मी डबा पुढच्या ट्रकपाशी नेला. घरी येऊन राखेनं, रॉकेलनं हात घासले. काळा रंग चार दिवस नखात राहिला.

पुढं सरकारनंच फाळक्यावर ते शब्द लिहायचे नाहीत असा हुकूम काढला. लोक हसले. पेंटर म्हणाले, बरं झालं. शेड मोडलं. बायको गेल्यावर लेकीनं त्यांना पुण्याला नेलं. जायच्या दिवशी ते माझ्या टेम्पोपाशी आले, मागं चाकाला काय टेकवलंय का ते वाकून बघितलं, आणि गाडीत बसले. मधली जागा मी तेव्हापर्यंत कोरी करून घेतली होती. हायवेवर अशा जागा अजून एखाद्या जुन्या गाडीवर दिसतात.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. मला निरोप आला होता. मी भाडं असल्याचं सांगितलं. भाडं नव्हतं.

महिनाभरानं मी त्यांच्या लेकीला व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं. तीन दिवस लागले. दुसरं काहीही मी तीन मिनिटांत लिहितो, पण यात एकही थाप घालायची नव्हती, आणि तशी सवय नाही मला. ब्रश घेतला ते लिहिलं, लिंबाचं लिहिलं, खिशाचं लिहिलं, डबा धरला तेही लिहिलं. शेवटी लिहिलं की पोरी, तुझ्या बाबांची साक्ष एकदाही खोटी निघाली नव्हती, हे त्यांना सांगायचं होतं आणि मी सांगितलं नाही. पुन्हा पहिल्यापासून वाचून बघितलं, एकेक शब्द तपासला, आणि पाठवलं.

लगेच दोन निळ्या खुणा उठल्या. म्हणजे तिनं उघडलं होतं. मी फोन हातात धरून ढाब्याच्या बाकड्यावर बसून राहिलो. वाटलं, शिव्या देईल. वाटलं, फोन करून रडेल. उत्तर संध्याकाळी आलं.

“ओके काका.”